वाय-फायसाठी सोडलेलं घर

सिडको, नाशिक
४ ऑगस्ट २०२४

श्री. ललित यांस,

इथे वर 'सप्रेम नमस्कार' लिहायची पद्धत आहे. मी तो लिहीत नाही.

फोन करत नाही, कारण माझा फोन आला की तुम्ही तो स्पीकरवर टाकता. मागच्या वेळी मी बोलत होते आणि मागून मामांचा, तुमच्या वडिलांचा, खोकला ऐकू येत होता. मेसेज केला तर तो तुमच्या चुलतभावांच्या हातात फिरतो. पत्र निदान एकट्यानं फोडता येतं. रजिस्टर पोस्टानं पाठवतेय, सही तुमचीच लागेल. त्यापुढे ते तुमच्या वडिलांना वाचून दाखवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मागच्या रविवारी नांदगावला, माझ्या माहेरी, तुम्ही जी बैठक भरवलीत तिच्याबद्दल लिहायचं आहे. तुम्ही, मामा, तुमच्याकडची चार माणसं, आमच्याकडची चार. मी स्वयंपाकघराच्या दारात. तुम्ही छान इस्त्रीचा शर्ट घातला होता. म्हणालात, "हिला चाळीस हजारांचा कॉम्प्युटर घेऊन दिला. घरात बसून नोकरी करू दिली. कशाला नाही म्हटलं नाही. आणि ही घर सोडून गेली. कशासाठी? तर वाय-फायसाठी."

सगळे हसले. माझा भाऊ जीवनसुद्धा हसला. म्हणाला, "अगं ताई, एखादी लांब वायर आणायची ना!" माझे वडील हसले नाहीत, पण त्यांनी मान खाली घालून बशीत चहा ओतला आणि तो संपेपर्यंत वर बघितलं नाही.

आता नांदगावच्या बाजारात बांगडीवाली माझ्या आईला विचारते, "तुमची प्रतिभा म्हणजे ती, वाय-फायवाली का?"

मी त्या दिवशी काही बोलले नाही. हसणाऱ्या आठ-दहा माणसांना मदरबोर्ड काय असतो इथून सुरुवात करून कसं सांगणार? पण तुम्हाला तर सांगावं लागत नाही. मखमलाबादमध्ये कुणाचा प्रिंटर बंद पडला तरी तुम्हाला बोलावतात. तुम्ही फुलं विकता, पण गावात तुमची ओळख 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' अशीच आहे. म्हणून तर मी तुमच्यावर विश्वास ठेवला.

दोन वर्षांपूर्वीचा जून. पुण्याच्या त्या कंपनीत मला विम्याच्या दाव्यांचे कागद तपासायचं काम मिळालं होतं, घरून करायचं. तुम्ही ओट्यावर बसून मशीन कसं घ्यायचं ते सांगत होतात. मी विचारलं, "वाय-फाय आतच असलेलं घेऊ या ना? म्हणजे आपल्या खोलीत बसून काम करता येईल."

"बिल्ट-इन घेतलं तर मशीन सात-आठ हजारांनी वर जातं."

"एवढं?"

"मग? कंपनी काय फुकट बसवून देते? आपल्याला काय करायचंय? राउटर पुढच्या खोलीत, कॉम्प्युटरपण पुढच्या खोलीत. दोन हातांची वायर. काम झालं."

सात-आठ हजार ऐकून मी लगेच मागे सरले. पॉलीहाऊसचा कागद त्याच पावसाळ्यात फाटला होता, तो बदलायचा होता. मला वाटलं, माणूस घराचा विचार करतोय. तुमच्या आईला, आत्याबाईंना, मी कौतुकानं सांगितलं होतं की यांनी आठ हजार वाचवले.

आज एवढंच. हात दुखायला लागला. आता लिहायची सवय राहिलेली नाही.

प्रतिभा


२० ऑगस्ट २०२४

श्री. ललित यांस,

पत्राला उत्तर म्हणून तुमचा मेसेज आला. "वायर आईच्या पायात अडकली होती. तिला विचार. माझा काय संबंध." एवढंच. वायर निघाली त्याबद्दल तर मी अजून काही लिहिलंच नव्हतं. तुमच्या डोक्यात तीच होती, हे बरं कळलं.

मग वायरीबद्दलच लिहिते.

पुढच्या खोलीत मी दीड वर्ष बसले. माझ्या पाठीमागे मामांचा दिवाण. समोर भिंत, भिंतीवर राउटरचा हिरवा दिवा. मामा टीव्ही लावायचे. मी कानाला हेडफोन लावला की आवाज वाढवायचे. कामाचा फोन संपला की विचारायचे, "कोन व्हतं?"

"ऑफिसचे साहेब."

"काय म्हनत व्हते?"

काय सांगणार? पिंपरीच्या एका रुग्णाच्या डिस्चार्ज कागदावर तारीख चुकलीय, असं म्हणत होते. मी सांगायचे. मामा ऐकून म्हणायचे, "यवढंच? मंग यवढा येळ?"

पाहुणे यायचे. मी उठून पाणी द्यायचे, चहा ठेवायचे, परत येऊन बसायचे. पुण्याहून विचारायचे, मॅडम, तुम्ही मध्येच कुठे जाता? एकदा टीममधल्या एकानं काही विनोद केला आणि मी हसले. मोठ्यानं हसले, हे खरं. मागे वळले तर दारात तुम्ही उभे. फुलांचं रिकामं क्रेट हातात.

"कुणाशी एवढं हसत होतीस?"

"टीममध्ये आहेत, सगळेच हसत होते."

तुम्ही क्रेट घेऊन मागे निघून गेलात. त्या आठवड्यात तुम्ही तीन वेळा मला विचारलंत की तो विनोद काय होता. तिसऱ्यांदा सांगताना तो विनोद राहिलाच नव्हता.

मग मागच्या दिवाळीनंतर मी माझ्या पगारातून लांब वायर आणली. पुढच्या खोलीतून बोळातून आपल्या खोलीपर्यंत. कॉम्प्युटर आत नेला. वायर जमिनीला चिकटवताना आत्याबाईंनीच पट्टी धरली. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, म्या बघून चालंन." तुम्ही बघत होतात. म्हणालात, "पायात येईल कुणाच्या तरी." मी म्हटलं, येणार नाही.

जानेवारीत त्याच कंपनीत पक्क्या जागेसाठी मुलाखत होती. व्हिडिओवर, समोर तिघं जण. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराची. मी ती चॉकलेटी साडी नेसले होते. दार लावून घेतलं होतं. पहिले प्रश्न चांगले गेले. मधल्या बाईंनी विचारलं, "तुमच्या हाताखाली सहा जणांची टीम दिली तर सांभाळाल का?" मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा तसाच थिजला. अर्धवट मिटलेले डोळे. नेट गेलं होतं.

मी धावत पुढच्या खोलीत आले. वायर राउटरमधून निघालेली. तुम्ही ती हातात धरून उभे. "आईचा पाय अडकला," तुम्ही म्हणालात. "आत्ताच मागच्या दारानं गेली ती." मामा दिवाणावर होते. टीव्ही बघत होते.

मी वायर हिसकावून परत लावली. परत जोडलं जाईपर्यंत मुलाखत संपली होती. त्यांनी कळवलं की तुमच्याकडे घरून काम करण्याची पुरेशी सोय दिसत नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

संध्याकाळी मी आत्याबाईंना विचारलं. त्या चुलीपाशी बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "हां, अडकला पाय."

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी मुद्दाम ओढली की चुकून, हे मला अजूनही माहीत नाही. पण बोलले नाही. ताट वाढायचे, समोर ठेवायचे, उठून जायचे. मे महिन्यात घर सोडेपर्यंत.

तुम्ही म्हणता, तिला विचार. तुम्ही का नाही विचारत?

प्रतिभा


११ सप्टेंबर २०२४

श्री. ललित यांस,

पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही इथे आलात. गणपतीच्या धामधुमीत फुलं सोडून आलात, हे मला दिसलं. माझ्या घरमालकीण कमळाबाईंनी तुम्हाला चहा दिला. नंतर मला म्हणाल्या, "माणूस दिसायला तर सरळ आहे गं." मी म्हटलं, हो, दिसायला आहे.

तुम्ही दुकानदाराकडून लिहून आणलेला कागद माझ्यापुढे ठेवलात. "नवीन मशीन घेतोय. वाय-फाय बिल्ट-इन, ब्लूटूथसुद्धा. पंचावन्न हजार. तुझ्यासाठी. आता तरी चल."

मी विचारलं, "कुठे ठेवणार?"

तुम्ही जराही न थांबता म्हणालात, "पुढच्या खोलीत. अण्णांनापण दिवाणावरून बातम्या बघता येतील."

मी हसले, म्हणून तुम्ही रागावून उठून गेलात. कमळाबाई घाबरल्या. तुम्हाला वाटलं मी तुमची थट्टा करतेय. खरं सांगू? तुम्हाला कळलंच नाही मी का हसले, आणि ते कळत नाही हेच सगळ्यात वाईट आहे.

मी घर का सोडलं, ते तुम्ही बैठकीत अर्धंच सांगितलंत. उरलेलं अर्धं तुम्हाला माहीत नाही. मी त्या वेळी बोलले नव्हते.

एप्रिलमध्ये मशीन चालूच होईना. तुम्ही लग्नसराईची फुलं घेऊन सुरतला गेला होतात. काम अडलं होतं, म्हणून मी कॉम्प्युटरचा डबा स्कूटीवर पायांपाशी ठेवला आणि महात्मा गांधी रोडला नेला. बिलावरचं नाव बघून त्याच दुकानात गेले. दुकानदारानं झाकण उघडलं, म्हणाला, पॉवर सप्लाय गेलाय, बदलून देतो. मग आतल्या बोर्डकडे बघत म्हणाला, "हे मखमलाबादच्या ललितभाऊंचं ना?"

"हो. मी त्यांची मिसेस."

"चांगलं लक्षात आहे मला. वहिनी, एक विचारू का? भाऊंना वाय-फायचं एवढं वावडं का होतं?"

मी म्हटलं, "वावडं कसलं? सात-आठ हजार जास्त पडत होते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "सात-आठ हजार? कोण म्हणालं? ह्याच बोर्डचं वाय-फायवालं मॉडेल हजार-बाराशेनं जास्त होतं. वायरीचं सॉकेट तर हल्ली प्रत्येक बोर्डवर असतंच, त्याचे वेगळे पैसे कुणी मोजत नाही. मी भाऊंना म्हटलं, तेवढ्यासाठी कशाला मागे राहता, आतल्या भावात देतो, आठशेच द्या. भाऊ म्हणाले, नको. मी म्हटलं, अहो, उद्या कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत न्यायचा म्हटलं तर? तर भाऊ म्हणाले, फुकट दिलात तरी नको. वाय-फाय असलेला बोर्डच नको." आणि तो हसला. "एवढ्या वर्षांत असं म्हणणारं एकच गिऱ्हाईक. म्हणून लक्षात राहिलं."

मीही हसले. त्याच्यासमोर दुसरं काय करणार? बाहेर येऊन स्कूटी सुरू केली आणि परत बंद केली. उन्हात तशीच उभी राहिले. मला तुमचा ओट्यावरचा आवाज ऐकू येत होता. कंपनी काय फुकट बसवून देते? आणि मी आत्याबाईंना सांगत होते, यांनी आठ हजार वाचवले.

परत आत गेले आणि एक डोंगल घेतला. नखापेक्षा थोडा मोठा. सहाशेच्या आत आला. मागच्या भोकात खुपसला की वायरीशिवाय नेट. घरी आले, वायर गुंडाळून माळ्यावर टाकली, दार लावलं आणि काम केलं. तुम्ही सुरतेहून येईपर्यंत मी दार लावून काम केलं. ते दिवस कसे होते हे तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही. एवढंच सांगते की पुण्याहून विचारलं, मॅडम, आज तुमच्याकडे एवढं शांत कसं?

तुम्ही आलात. बोळात वायर नाही हे बघितलंत. सकाळी उठले तर नेट जोडेना. पासवर्ड बदललेला.

तेव्हाचं बोलणं तुम्हाला आठवत असेल. मला तर शब्दन्‌शब्द आठवतं.

"पासवर्ड काय आहे?"

"कशाला पाहिजे? वायर आहे ना."

"तुमचा खर्च झाला नाही. डोंगल मी माझ्या पैशानं आणला. आता काय अडचण आहे?"

"खर्चाचा विषय नाही."

"मग कशाचा आहे?"

तुम्ही टॉवेलनं तोंड पुसत होतात. पुसता पुसता म्हणालात, "दार लावून तू आत काय करतेस, कुणाशी बोलतेस, घरातल्यांना कळायला नको?"

"कामाचं बोलते."

"कामाचं असेल तर पुढच्या खोलीत बोल."

दुकानात काय कळलं ते मी तेव्हाही सांगितलं नाही. मी वाट बघत होते, ललित. दोन आठवडे बघितली. वाटलं, कधीतरी तुम्ही स्वतः म्हणाल की मी खोटं बोललो होतो. मला भीती वाटत होती, मला तुझा पगार बघवत नव्हता, काहीही म्हणाल. मी ऐकून घेतलं असतं. भांडले असते आणि राहिले असते. पण तुम्ही रोज उठून फुलं तोडायला जात होतात, रोज जेवत होतात, आणि तुम्हाला काहीच झालं नव्हतं.

म्हणून गेले. नेट नव्हतं म्हणून नाही.

पुण्याचं काम अर्थातच सुटलं. आता मी इथल्या एका हॉस्पिटलात बिलांच्या खिडकीत बसते. तिथे कुणी मागे उभं राहत नाही.

तुमचा पंचावन्न हजारांचा कागद सोबत परत पाठवतेय.

प्रतिभा


२७ सप्टेंबर २०२४

श्री. ललित यांस,

मी समुपदेशन केंद्रात अर्ज दिला आहे. तुम्हाला कागद मिळाला असेलच. १४ ऑक्टोबर, सकाळी अकरा. तिथल्या ताईंना मी मुलाखतीच्या दिवसाचंही सांगितलं. त्यांनी आज फोन करून कळवलं की तुम्ही लेखी दिलंय, वायर आईच्या पायात अडकून निघाली आणि आई तसं समक्ष येऊन सांगेल.

बासष्ट वर्षांच्या बाईला तुम्ही सरकारी खुर्चीवर बसवणार. तुम्हाला काहीच वाटत नाही का?

मला उत्तर नको.

प्रतिभा


९ ऑक्टोबर २०२४

श्री. ललित यांस,

काल दुपारपासून तुमचे वीस-बावीस फोन येऊन गेले असतील. उचलले नाहीत. आत्याबाई माझ्याकडे आहेत. बऱ्या आहेत. जेवल्या आहेत. पोलिसांत जाण्याची गरज नाही.

काल माझी सुट्टी होती. मी कपडे वाळत घालत होते तर खाली रिक्षा थांबली आणि आत्याबाई उतरल्या. गणेशवाडीच्या फुलबाजारातून थेट आल्या होत्या. पदराला अजून शेवंतीच्या पाकळ्या चिकटलेल्या, हातात रिकामी पाटी. रिक्षावाल्याला पत्ता सांगायला त्यांनी माझ्या रजिस्टरच्या पाकिटाचा मागचा भाग फाडून आणला होता. मी जिन्यात सामोरी गेले. एवढ्या महिन्यांत बोललो नव्हतो.

त्या वर आल्या, पाटी दाराबाहेर ठेवली, खाली बसल्या. मी पाणी दिलं. पाणी प्यायच्या आधीच म्हणाल्या, "म्या नाय वढली वायर."

मी म्हटलं, "आता जाऊ द्या, आत्याबाई."

"जाऊ दे कसं? ऐकून घे. म्या त्या दिशी घरीच नव्हते. संक्रातीचा आदला दिवस. फुलाला गिऱ्हाईक तुटून पडलेलं. म्या बाराला आले. तवर तुझं सगळं झालं व्हतं."

मला आठवलं. माझं दार बंद होतं, म्हणून घरात कोण आहे आणि कोण नाही हे मी बघितलंच नव्हतं. तुम्ही म्हणालात मागच्या दारानं गेली, मी मानलं.

"मग तुम्ही संध्याकाळी का म्हणालात पाय अडकला?"

त्या पदराच्या पाकळ्या एकेक करून काढत होत्या. "ललित दुपारी मळ्यात आला. म्हनला, आई, परतिभा इचारंल, तू म्हन माझा पाय अडकला. म्या म्हनलं, का रं? तर म्हनला, तिची नोकरी पक्की झाली का ती पुन्याला जाईल, मंग आपल्याला कोन इचारतंय? त्यानंच काढली ती वायर. हे बसले व्हते तिथं, ह्यांनी बघितलं. म्या आपलं म्हनून टाकलं. मला वाटलं, वायरीचंच तं हाय."

वायरीचंच तर आहे. नांदगावच्या बैठकीत सगळ्यांना तसंच वाटलं होतं.

"चार महिने तू मला भाकर वाढली, पन बोलली नाय," त्या म्हणाल्या. "म्या सोसलं. पोराचं झाकायचं म्हनून सोसलं. पन आता तो म्हनतो, तारखेला चल, तिथल्या बायांपुढं सांग. म्या त्याला म्हनलं, घरात बोलले ते बोलले. चार लोकांत मला खोटं बोलाया नको लावू. तर वराडला माझ्यावर. म्हनला, यवढं बी नाय करनार पोरासाठी?"

इथे मी त्यांच्या गळ्यात पडले असं लिहिणं सोपं आहे. तसं झालं नाही. मला त्यांचा राग आला. त्या एका "हां, अडकला पाय"नं मी भलत्याच बाईवर चिडले, आणि ज्याच्यावर चिडायचं त्याच्याशेजारी झोपत राहिले. मी उठून चहा ठेवला, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. चहा होईपर्यंत मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होते. त्यांनाही ते कळलं.

चहा घेताना त्यांनी विचारलं, "ते वायरीबिगरचं यंत्र लय महाग व्हतं का गं खरंच?"

"हजार रुपये जास्त पडले असते. घासाघीस केली असती तर आठशे."

"आठ हजार ना?"

"आठशे."

त्यांनी बशी खाली ठेवली. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, मी चुकून बोलतेय का हे बघत असाव्यात. मग म्हणाल्या, "म्या एका वक्ताला त्याच्यापरीस जास्तीची शेवंती इकते. मला मागितले असते, तं म्या काढून दिले असते."

"त्यांना पैसे नकोच होते, आत्याबाई."

"हां," त्या म्हणाल्या. "समजलं मला." आणि मग रडल्या. तुमच्या घरात एवढी वर्षं राहून मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. आवाज न करता रडतात. शेजारी बसलेल्यालाही कळत नाही, अशा.

संध्याकाळी मी म्हटलं, चला, तुम्हाला मखमलाबादच्या बसमध्ये बसवते. त्या म्हणाल्या, "नाय जायाचं मला." कमळाबाईंनी त्यांच्यासाठी गादी काढून दिली.

आज सकाळी मी हे पत्र लिहायला बसले तेव्हा त्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, माझं बी लिही त्यात. म्हणून पुढचं त्यांचं आहे. मी एकही शब्द बदललेला नाही.

"ललित, म्या तुझी आई बोलते. दसऱ्याचा झेंडू शनवारच्या आदी तोडावा लागंन, तू आन तुझा बाप मिळून तोडा. बाया लावायच्या तं लावा. गणेशवाडीला पहाटं जागा धरावी लागती, उशिरा गेला तं रस्त्यात बसशीन. हारं ववायला म्या येनार नाय. मला न्यायला येऊ नको. तुला माझ्या तोंडून जे सांगायचं व्हतं ते म्या संक्रातीपासून सांगितलं. आता मला काय सांगायचं ते म्या सांगीन."

मी विचारलं, अजून काही लिहू का? त्या म्हणाल्या, नाय.

त्यांच्या बीपीच्या गोळ्या घरी राहिल्या आहेत. आणून देऊ नका. मी हॉस्पिटलच्या दुकानातून नव्या आणल्या.

सोमवारी, चौदा तारखेला, अकरा वाजता आम्ही दोघी येतोय.

प्रतिभा